रिपोर्टमधला ‘आर’ आणि नेब्युलायझरचा ओला कप

प्रश्न : मुलगी ८ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा जन्मजात आजार) आहे. कफाच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) स्यूडोमोनास हा जंतू निघाला आणि टोब्रामायसिन या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही) लिहिलंय. म्हणजे वाफेतून देतो ते औषध फुकट जातंय का? बंद करू?

उत्तर : कृपया स्वतःहून बंद करू नका. ‘आर’ ठरतो तो शिरेतून दिलेल्या औषधाचं रक्तात जेवढं प्रमाण राहतं त्याच्या हिशोबाने. वाफेतून घेतलेलं औषध कफात त्याच्या कित्येक पट साचतं. शिवाय फुप्फुसात हा जंतू चिकट थर करून राहतो, प्रयोगशाळेच्या बशीत तसा राहत नाही. त्यामुळे रिपोर्ट आणि गुण यांचा मेळ बसेलच असं नाही. खोकला, वजन आणि स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी) बघून डॉक्टर ठरवतील. कल्चर साधारण दर ३ महिन्यांनी हवंच.

क्रम मात्र तपासा. आधी सॅल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळं करणारं औषध), मग खारं पाणी (हायपरटॉनिक सलाइन), मग छातीची फिजिओथेरपी, कफ निघाल्यावर शेवटी अँटिबायोटिक. कफाच्या थरावर औषध सोडलं तर ते खाली पोचतच नाही. वाफेतल्या टोब्रामायसिनचा नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, शक्यतो १२ तासांनी. २८ दिवस चालू, २८ दिवस बंद.

आणि नेब्युलायझरचा (औषधाची वाफ करणाऱ्या यंत्राचा) तो कप! नुसता नळाखाली विसळून ओला ठेवला की स्यूडोमोनासला घर मिळतं. प्रत्येक वेळी साबणाने धुवा, दिवसातून एकदा सुटे भाग ५ मिनिटं उकळा (माहितीपत्रकात चालतं म्हटलं असेल तरच), स्वच्छ कागदावर पूर्ण वाळू द्या. व्हिनेगरवर विसंबू नका.