तारखेच्या चौकटीत आधी दिवस की महिना?

प्रश्न : आमच्या शाळेच्या संकेतस्थळावर पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज भरता येतो. त्यातील जन्मतारखेची चौकट एका संगणकावर आधी दिवस मागते, तर दुसऱ्यावर आधी महिना. गोंधळ होऊ नये म्हणून आम्ही चौकटीशेजारी ‘दिवस/महिना/वर्ष’ अशी सूचना लिहिली. तरीही ५ मार्चला जन्मलेल्या एका मुलीची नोंद ३ मे अशी झाली. सर्वांना एकच क्रम दिसावा यासाठी काय करावे?
– एक लिपिक, सातारा जिल्हा

उत्तर : ही चूक बहुधा त्या सूचनेमुळेच झाली आहे. एचटीएमएल म्हणजे वेबपाने लिहिण्याची संगणकीय भाषा; तिच्यातील ‘डेट’ प्रकारच्या चौकटीत तारीख कोणत्या क्रमाने दिसावी, हे अर्ज तयार करणाऱ्याच्या हाती नसते. ब्राउझरची भाषा किंवा त्या यंत्रावरील प्रदेशाची सेटिंग ते ठरवते. विंडोज आणि क्रोम ब्राउझर या दोन्हींची सेटिंग ‘इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)’ असेल, आणि आपल्याकडील पुष्कळ संगणकांवर ती तशीच राहून गेलेली असते, तर महिना आधी येतो. दोन्हीकडे ‘इंग्लिश (युनायटेड किंग्डम)’ निवडल्यास दिवस आधी येतो. पान मराठीत आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदवले, तरी क्रोम हा क्रम बदलत नाही. आपली सूचना मात्र सर्वांना सारखीच दिसते. अमेरिकी क्रमाच्या चौकटीपुढे बसलेल्या पालकांनी तिच्यावर विश्वास ठेवून आधी ०५ आणि मग ०३ टंकले, की ब्राउझर ती ३ मे समजतो आणि सर्व्हरकडे, म्हणजे अर्ज जमा होतात त्या संगणकाकडे, २०१९-०५-०३ असे मूल्य पाठवतो. पाठवले जाणारे मूल्य नेहमी याच वर्ष-महिना-दिवस क्रमाचे असते, त्यामुळे सर्व्हरला त्यात काहीही वावगे आढळत नाही.

तेराव्या आणि त्यापुढच्या दिवसांबाबत निदान शंका येते, कारण तो आकडा महिन्याच्या जागी बसत नाही. उरलेल्या तारखांपैकी ज्यांचा दिवस आणि महिना वेगळा आहे, अशा १३२ तारखा वर्षात आहेत आणि त्यांची अदलाबदल कोणाच्याही लक्षात न येता होऊ शकते.

म्हणून ती सूचना आजच काढावी आणि जन्मतारखेसाठी दिवस, महिना व वर्ष अशा तीन स्वतंत्र चौकटी द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांची रचनापद्धतीही जन्मतारखेसारख्या पाठ असलेल्या तारखांसाठी तीन चौकटींचीच शिफारस करते. आपल्या अर्जात महिना आकड्याने न विचारता जानेवारी ते डिसेंबर अशा नावांच्या यादीतून निवडू द्यावा. तेवढ्याने ही अदलाबदल थांबेल. ३० फेब्रुवारीसारखी अशक्य तारीख नाकारण्याचे काम मात्र आपल्या प्रोग्रॅमरला करावे लागेल. अर्ज पाठवण्यापूर्वी ‘पाच मार्च दोन हजार एकोणीस’ अशी तारीख शब्दांत दाखवून पालकांची खात्री करून घ्यावी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहिण्याची आपली रीत याच कारणासाठी मोलाची आहे आणि ती संगणकावर आल्यावर सोडण्याचे काहीच कारण नाही.

आधी जमा झालेल्या नोंदी संगणकाकडून आपोआप दुरुस्त करून घेऊ नयेत, कारण कोणत्या पालकांना कोणता क्रम दिसला होता, हे त्या नोंदींत कोठेही साठलेले नसते. दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे आणि महिन्याच्या आकड्यापेक्षा वेगळा आहे, अशा नोंदी वेगळ्या काढून त्या जन्मदाखल्याशी एकेक करून ताडून पाहाव्यात आणि हे काम जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीत, नावे चढण्यापूर्वी पूर्ण करावे.