टाळेबंदीत क्षयरोग खरोखर कमी झाला होता का?

प्रश्न : टाळेबंदीच्या वर्षी आमच्या घरात कोणाला साधी सर्दीही झाली नाही. मात्र वर्षभर घरातच असलेल्या माझ्या धाकट्या भावाला २०२१ मध्ये क्षयरोग निघाला. बाहेर न पडता हा आजार त्याला कसा जडला? त्या काळात क्षयरुग्ण घटल्याचे वाचले होते, ते खरे होते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घटली ती नोंद. देशात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये जेमतेम १८ लाख. फ्लूची घट बरीचशी खरी होती, कारण त्याचा विषाणू काही दिवसांत दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचला नाही तर साखळी तुटते. क्षयाचा जंतू मात्र शरीरात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दबा धरून राहतो. तुमच्या भावाला संसर्ग टाळेबंदीआधीच झालेला असू शकतो, किंवा निदान न झालेल्या घरातल्याच एखाद्या रुग्णाकडून. मास्क आपण उंबऱ्याबाहेर लावत होतो, आत नाही.

मग उरलेले सहा लाख गेले कुठे? बहुतेक जण घरातच खोकत राहिले. एसटी आणि लोकल बंद, बाह्यरुग्ण विभाग ओस, क्षयाचे निदान करणारी सीबीनॅट व ट्रूनॅट यंत्रे अनेक ठिकाणी करोनाच्या चाचण्यांना जुंपलेली आणि आशा सेविका करोनाच्या सर्वेक्षणात गुंतलेल्या. त्यात भीतीची भर. त्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेली एक बाई तीन महिने रात्री तोंडावर उशी दाबून खोकत होती, कारण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी ऐकले तर सगळ्या घराला विलगीकरणात नेतील, असे तिला वाटत होते. त्या एका खोलीत पाच माणसे झोपत होती आणि पावसामुळे खिडकी बंद असे. तिच्या बेडक्यात जंतू सापडले. पुढे तिच्या मुलीलाही उपचार सुरू करावे लागले. त्या आईला दोष देणे मला कधीच जमले नाही. खोकला झालेल्या माणसाला दवाखान्याची धास्ती वाटावी, अशी परिस्थिती आपण सर्वांनी मिळून निर्माण केली होती.

२०२० मध्ये क्षयरोगाने होणारे जगभरातील मृत्यू दशकभरात प्रथमच वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले. करोना रोखायलाच नको होता, असे मी म्हणत नाही. पण निर्बंध ठरवताना बेडका तपासणी आणि बाळांचे लसीकरण अखंड चालू ठेवणे हे त्याच आदेशाचा भाग असायला हवे होते. लसीकरण रेंगाळल्याचा परिणाम मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात दिसला. नवव्या आणि सोळाव्या महिन्यानंतरचे गोवराचे डोस चुकलेल्या मुलांमध्ये गोवर झपाट्याने पसरला आणि त्यात मुले दगावलीही.

तुमच्या भावाचा औषधांचा पूर्ण क्रम झाला आहे ना, हे त्याच्या उपचार पत्रिकेवरून पाहा. त्याच्या आजारपणात त्या घरात राहिलेल्या सर्वांची, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, तपासणी तेव्हा झाली नसेल तर ती आता सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. आजार नसलेल्यांनाही प्रतिबंधक गोळ्यांची गरज आहे का, हे तिथले डॉक्टर सांगतील; त्या गोळ्या तिथे विनामूल्य मिळतात.