दुरुस्तीचा कट्टा : टायर रिम सोडतो तेव्हा

प्रश्न : काका, मी भूशास्त्रज्ञ आहे. कॅनडातल्या ओंटारिओत टिमिन्सच्या उत्तरेला खनिज-सर्वेक्षणाचं काम करते. कामावर आम्हाला एक जुनी सहाचाकी गाडी दिली आहे, दलदलीत आणि तळ्यातही चालणारी. टायर २२ इंची, रिम ८ इंची. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. ऑक्टोबरपासून मात्र वळताना पुढचा डावा टायर रिम सोडतो. परवा तर तळ्याच्या काठाशी, अर्धं चाक पाण्यात असताना सुटला. आम्ही वर्कशॉपमध्ये हवा ३ पौंड बघूनच निघतो. जास्त भरली तर दगडांवर पाठीचे हाल होतात. एक सहकारी म्हणतो टायर रिमला चिकटवून टाकू, दुसरा म्हणतो बीडलॉक रिम घ्या, म्हणजे टायरची कड बोल्टांनी पकडून ठेवणारी. काय करू?
— एक वाचक, टिमिन्स

उत्तर : ताई, उन्हाळाभर तक्रार नव्हती आणि ऑक्टोबरात सुरू झाली, म्हणजे माझा पहिला संशय तुमच्या वर्कशॉपच्या हीटरवर. आत २० अंश, बाहेर ५. हवा आत भरता, गाडी बाहेर चालवता.

थंडीनं हवेचा दाब उतरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ३ पौंडांच्या टायरला ते किती महागात पडतं याचा हिशोब कुणी करत नाही. गेज दाखवतं तो वातावरणाच्या दाबापेक्षा जास्तीचा दाब. वातावरणाचे साधारण १४.७ आणि तुमचे ३, मिळून १७.७. तापमान १५ अंशांनी उतरलं की या एकूण दाबातले सुमारे ५ टक्के जातात, म्हणजे जवळजवळ ०.९ पौंड. मोटारीत ३२ पौंड असतात, तिचे दोन-अडीच गेले तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. तुमच्या ३ मधले ०.९ गेले तर उरतात २.१. जानेवारीत उणे २०ला हाच टायर आतून भरून नेलात तर जेमतेम अर्धा-पाऊण पौंड उरेल. ती हवा नाही, हवेची आठवण.

आणि रिमवर टायरला धरून कोण ठेवतं? हवाच. टायरच्या कडेत तारेचं कडं असतं, त्याला आपण बीड म्हणतो. आतली हवा बीडला बाहेर, रिमच्या ओठावर दाबते. बाकी रिम आणि रबर यांच्या घर्षणाची पकड, बस. मोटारीच्या दहाव्या हिश्शानं दाब, आणि त्यावर या गाडीची वळण्याची रीत. पुढची चाकं वळत नाहीत. वळायचं तर एका बाजूची चाकं ब्रेकनं धरायची, दुसऱ्या बाजूची फिरत राहतात आणि गाडी जागच्या जागी फरफटते. मधली चाकं त्यातल्या त्यात सुखी. पुढची आणि मागची आडवी घासत जातात, तो आडवा जोर थेट बीडवर. तुमचा पुढचाच टायर का सुटतो, ते यात आलं. डावाच का, तो वेगळा शोध.

म्हणून आधी फुकटातलं काम करा. हवा बाहेर भरा, गाडी तासभर थंडीत उभी राहिल्यावर. पेट्रोल पंपावरचं गेज वापरू नका, ५ पौंडांच्या खाली त्याचा काटा काहीही बोलतो. ० ते १० पौंडांचं गेज घ्या. नेमकी किती हवा, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. गाडीत माणसं आणि नमुन्यांच्या पिशव्या असतील तर भरलेल्या गाडीचा आकडा धरा. मग शिंप्याची टेप घेऊन सहाही टायरांचा घेर मोजा. जुने टायर सारख्या हवेतही सारखे फुगत नाहीत. डाव्या-उजव्या घेरात फरक असला की गाडी एका अंगाला ओढते, चालवणारा नकळत दिवसभर ती सरळ करत बसतो आणि तो सगळा मार ठरावीक टायरांनाच बसतो. अशा वेळी आकड्यापेक्षा घेर जुळवलेला बरा, पुस्तकातल्या मर्यादेत राहून.

नंतर पुढचं डावं चाक काढून त्याच बाजूच्या मधल्या जागी लावा, मधलं पुढे आणा. उजवीकडे नेऊ नका, टायरचे दात उलटे होतील आणि पाण्यात तेच तुमचं वल्हं आहे. मधून आलेलं चाक पुढे टिकलं तर दोष जुन्या चाकात. तेही उतरलं तर हवेत नाहीतर चालवणाऱ्यात.

दोष चाकात निघाला तर टायर पूर्ण उतरवा. बीड बसते त्या जागी गंज, सुटलेला रंग, वाळलेला चिखल आणि गवत सापडेल, पैज लावतो. तारेच्या ब्रशनं सगळं साफ करा. रिमचा ओठ वाकलाय का बघा. बीडवरून बोट फिरवा, तार उघडी पडली असेल तर टायर गेला, त्याला औषध नाही. बसवताना साबणाचं पाणी, दुसरं काही नाही. ग्रीस किंवा डिझेल लावणारे महाभाग मी पुष्कळ पाहिलेत. त्यानं टायर चटकन चढतो आणि तितक्याच चटकन उतरतो, वर रबर खराब होतं.

आता तुमचे दोन सहकारी. चिकटवणाऱ्याला नाही म्हणा. चिकटतं खरं, पण पुढे टायर उतरवायची वेळ आली की तो रिमसकट फेकावा लागू शकतो, तेही गावापासून मैलोगणती दूर. बीड सीलर मिळतं ते हवा गळू नये म्हणून, टायर धरून ठेवणं त्याचं काम नाही. रिमला भोकं पाडून बीडमध्ये स्क्रू घालणारेही असतात. इतक्या पातळ टायरला ते नकोच. ट्यूब घातली तर हवा टिकते, पण टायर रिमवर सरकला की व्हॉल्व्ह मुळासकट उपटतो.

बीडलॉकवाला बरोबर आहे, घाईत आहे इतकंच. बाहेरून एक कडी बोल्टांनी आवळतात, तिच्यात बाहेरची बीड पकडली जाते. बहुतेक बीडलॉकांत आतली बीड मोकळीच राहते, हे विक्रेता सांगत नाही. घ्यायचेच तर चार घ्या, पुढे दोन, मागे दोन. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा.

चालवणाऱ्याला सांगा, उभ्या गाडीला गर्रकन वळवायचं नाही. चालत्या गाडीत थोडंथोडं वळायचं. उतारावर आडवं जाताना खालच्या बाजूचे टायर जपा. बीव्हरनं कुरतडलेले टोकदार बुंधे तुमच्याकडे पाण्याकाठी असतातच, ते टायरच्या पोटात शिरून बीड उचकटतात. काठाशी टायर सुटला त्याला थंड पाणी आणि असा बुंधा, दोन्ही कारणं असू शकतात. तळ्याच्या मध्यावर सुटलाच तर घाबरू नका, गाडी मुख्यतः तिच्या टबासारख्या बंद सांगाड्यावर तरंगते. ते चाक पाण्यानं भरेल, गाडी तिकडे कलेल. वजन दुसऱ्या अंगाला सरकवा आणि जवळचा काठ धरा.

गाडीत रॅचेट पट्टा (खटक्याखटक्यानं आवळत जाणारा), साबणाची बाटली, व्हॉल्व्हची किल्ली आणि १२ व्होल्टचा पंप ठेवा. आतलं पाणी काढा, बीड पुसा. पट्टा टायरच्या घेराभोवती आवळला की कडा रिमकडे सरकतात. व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरा, म्हणजे ती जोरात शिरते. बीड धरायला लागली की पट्टा सैल करा. टायरवर छापलेल्या मर्यादेपुढे जाऊ नका आणि बसल्यावर दाब पुस्तकातल्या आकड्यावर आणायला विसरू नका. पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडिओ सहकारी दाखवतील. त्यांच्या भुवया जागेवर आहेत का ते बघा.

प्रश्न : २०२५च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘कपिध्वज’ नावाची प्रचंड चाकांची लष्करी गाडी दिसली. तिचे टायर कसे टिकतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ती शर्प या जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या परदेशी गाडीच्या जातीची, एटोर एन-१२००. चार चाकं, प्रत्येक जवळपास माणसाच्या उंचीचं. वळते वरच्या सहाचाकीसारखीच, एक बाजू धरून. हवा त्याहूनही कमी, म्हणून तिथं बीडलॉक कारखान्यातूनच येतात. गंमत म्हणजे टायर फुगवायला इंजिनाचा धूर वापरतात. एवढा टायर छोट्या पंपानं भरत बसलं तर संचलन संपेल.