वाचकांचे प्रश्न : आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप

प्रश्न : मार्ककृत शुभवर्तमानात येशूचा वधस्तंभ वाहणाऱ्या शिमोन कुरेनेकराची ओळख 'आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप' अशी करून दिली आहे. या दोन मुलांविषयी पुढे एक अक्षरही येत नाही. मग त्यांची नावे देण्याचे प्रयोजन काय? रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ज्या रूफाला सलाम सांगितला आहे, तो हाच का?

पवित्र शास्त्रात माणसाची ओळख सहसा बापाच्या नावाने होते. जब्दीचा मुलगा याकोब, तीमयाचा मुलगा बार्तीमय, अशी. मार्काच्या पंधराव्या अध्यायातील एकविसाव्या वचनात मात्र ही रीत उलटी झाली आहे. तेथे बाप मुलांच्या नावाने ओळखला जातो. लिहिणारा असे तेव्हाच करतो, जेव्हा वाचणाऱ्यांना बाप ठाऊक नसतो पण मुले ठाऊक असतात. 'तुमच्यातले ते आलेक्सांद्र आणि रूफ आहेत ना, त्यांचे वडील' असा त्या शब्दांचा सूर आहे. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगताना शिमोनाचे नाव आणि गाव ठेवतात, मुलांची नावे मात्र गाळतात. त्यांच्या वाचकांना ती दोघे परिचित नसावीत, हे त्याचे सर्वांत साधे स्पष्टीकरण आहे.

आता रोमकरांस पत्राकडे वळू. सोळाव्या अध्यायात पत्रलेखक प्रेषित पौल जी लांबलचक सलामांची यादी देतो, तिच्या तेराव्या वचनात 'प्रभूमध्ये निवडलेला' रूफ येतो आणि त्याची आईही येते; ती माझीही आई आहे, असे पौल म्हणतो. मार्काचे शुभवर्तमान रोम शहरातील विश्वासणाऱ्यांसाठी लिहिले गेले, असे जुनी परंपरा सांगते, आणि त्यात लॅटिन वळणाचे शब्द पुष्कळ असल्याने अनेक अभ्यासकही तिकडेच झुकतात. रोममध्ये एक रूफ, रोमसाठी लिहिलेल्या ग्रंथात एक रूफ; दोन्ही धागे जुळवण्याचा मोह कोणालाही होईल. मी स्वतः अनेक वर्षे बायबल अभ्यासाच्या वर्गात 'हा तोच रूफ' असे ठासून सांगत असे. आज तसे सांगणार नाही. रूफ म्हणजे 'तांबूस', आणि हे नाव त्या काळी रोमन जगात अगदी सामान्य होते, विशेषतः दासवर्गात. दोघे एकच असणे शक्य आहे, आकर्षक आहे, पण सिद्ध नाही.

आलेक्सांद्राच्या बाबतीतही असाच एक धागा आहे. 1941 साली यरुशलेमेजवळच्या किद्रोन खोऱ्यातील एका कबरीत सुकेनिक या पुरातत्त्वज्ञांना काही अस्थिपेटिका सापडल्या. त्यांपैकी एकीवर ग्रीक अक्षरांत 'शिमोनाचा आलेक्सांद्र' असे कोरलेले आहे, आणि झाकणावरच्या हिब्रू अक्षरांतील एक शब्द काही अभ्यासक 'कुरेनेकर' असा वाचतात. त्या कबरीतील इतर लेखांवरूनही ते कुटुंब कुरेनेच्या बाजूचे असावे, असा तर्क केला जातो. कुरेने म्हणजे आजच्या लिबियातील एक प्राचीन शहर. तेथे यहुद्यांची मोठी वस्ती होती, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायावरून कुरेनेकरांचा यरुशलेमेतील सभास्थानाशी संबंध होता, हेही दिसते. तरीसुद्धा शिमोन हे त्या काळातील यहुद्यांमध्ये अतिशय प्रचलित नाव असल्यामुळे ती पेटिका याच आलेक्सांद्राची, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

विश्वासणारे मात्र शिमोनाकडे केवळ ओळखपत्र तपासण्यासाठी पाहत नाहीत. येशूच्या वधस्तंभाकडच्या वाटचालीचे टप्पे स्मरण्याच्या 'क्रूसाची वाट' या भक्तीतील चौदा स्थानांपैकी पाचवे स्थान त्याचे आहे. आफ्रिकेतील आणि आफ्रिकी वंशाचे अनेक ख्रिस्ती त्याला आपला माणूस मानतात. तो जन्माने यहुदी असावा असे त्याचे नाव सुचवत असले, तरी तो त्या खंडातून आला होता, हे खरेच आहे. उलट दुसऱ्या शतकात बसिलिदा या पाखंडी गुरूच्या अनुयायांनी या शिमोनाला भलत्याच कथेत ओढले: येशूऐवजी शिमोनालाच वधस्तंभावर खिळले, असे ते शिकवत असल्याची नोंद बिशप इरेनेयसाने साधारण 180 च्या सुमारास केली आहे. चर्चने ती शिकवण साफ नाकारली.

माझ्या मते या वचनातला सर्वांत मोलाचा शब्द नाव नव्हे, क्रियापद आहे. शिमोनाने वधस्तंभ आपण होऊन उचलला नाही. तो रानातून येत होता आणि शिपायांनी त्याला वेठीस धरले. मूळ ग्रीक क्रियापद सरकारी कामासाठी वाटेवरच्या माणसाला जुंपण्याच्या पद्धतीचे आहे, आणि डोंगरावरील प्रवचनात, कोणी तुला एक कोस न्यायला लावले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा, या वचनात नेमके तेच येते. आपल्या मराठी भाषांतरकारांनी दोन्ही ठिकाणी 'वेठीस धरणे' हाच वाक्प्रचार योजून हा दुवा जपला आहे. लूक त्यात आणखी एक तपशील घालतो: वधस्तंभ शिमोनावर ठेवला तो येशूच्या मागे मागे वाहण्यासाठी. स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, असे शिष्यांना सांगितलेले होते; प्रत्यक्ष ते दृश्य घडले तेव्हा शिमोन नावाचा शिष्य, म्हणजे पेत्र, तेथे नव्हता, शिमोन नावाचा परका वाटसरू होता. योहान मात्र येशू स्वतःच वधस्तंभ वाहत गेला, एवढेच सांगतो. आधी येशूने, मग शिमोनाने वाहिला, असा मेळ बहुतेक भाविक घालतात. अभ्यासकांपैकी काहींना वाटते की योहानाने शिमोनाला हेतुपुरस्सर बाजूला ठेवले आहे. शिमोनाला जुंपण्याचे कारण येशूची दमणूक, हेही आपण फटक्यांच्या वर्णनावरून ताडतो. वचनात ते लिहिलेले नाही.

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या चित्रात येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराखाली 'दिस्मास' असे लिहिले आहे. बायबलमध्ये हे नाव कोठे आहे?

कोठेही नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो निनावीच आहे. दिस्मास हे नाव 'पिलाताची कृत्ये' या बायबलबाह्य ग्रंथातून आलेले आहे. येशूला शिक्षा देणारा रोमी सुभेदार पिलात याच्या पत्नीला प्रोकुला हे नाव असेच मागाहून मिळाले. मत्तय तिचे स्वप्न सांगतो, नाव सांगत नाही. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते असे आपण त्यांच्या भेटवस्तूंच्या संख्येवरून धरून चालतो, आणि त्यांची नावेही नंतरची आहेत. क्रूसाच्या वाटेवरील सहाव्या स्थानातील, येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका चार शुभवर्तमानांत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेला केवळ शास्त्रवचनांवर आधारलेली जी क्रूसाची वाट केली, तिच्यात शिमोन राहिला, वेरोनिका राहिली नाही. मात्र तिला त्यामुळे बहिष्कृत केले असे समजू नये. जुनी चौदा स्थानेही प्रचारात आहेतच. चित्र काढून टाकण्याचे काही कारण नाही. मुलांनी विचारले तर नाव परंपरेचे आणि 'माझी आठवण करा' ही विनंती शास्त्रातली, एवढे सांगावे.

प्रश्न : येशूला अटक झाली तेव्हा बागेत ज्या दासाचा कान कापला गेला त्याचे नाव मल्ख, असे योहानच का सांगतो? मल्ख पुढे विश्वासणारा झाला, असे एका प्रवचनात ऐकले. त्याला आधार आहे का?

चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे, पण तलवार चालवणारा पेत्र आणि जखमी झालेला मल्ख ही दोन्ही नावे फक्त योहान देतो. जर्मन अभ्यासक गेर्ड थाइसन यांनी सुचवलेले कारण असे: दुःखसहनाची कथा यरुशलेमेत प्रथम सांगितली जात होती तेव्हा प्रमुख याजकाच्या माणसावर शस्त्र उगारणाऱ्याचे नाव घेणे त्याला संकटात टाकणारे होते, म्हणून मार्कापर्यंत आलेल्या कथेत तो 'जवळ उभे असलेल्यांपैकी कोणी एक' एवढाच राहिला. तागाचे वस्त्र टाकून उघडाच पळालेला तो तरुणही याच कारणाने निनावी असावा, असे ते मानतात. कल्पना मला पटते, पण तिने मल्खाच्या नावाविषयीचे मौन पुरते उलगडत नाही. ज्याचा कान गेला त्याला लपवण्याची गरज कोणाला होती?

कान उजवा होता, हे लूक आणि योहान दोघेही सांगतात. येशूने स्पर्श करून तो बरा केला, हे एकटा लूक सांगतो. त्यानंतर मल्खाचे काय झाले, याविषयी नवा करार गप्प आहे. तो मंडळीत आला नसता तर त्याचे नाव योहानाला कसे कळले असते, असा युक्तिवाद प्रवचनकार करतात, आणि आपण ऐकलेले प्रवचन बहुधा त्यावरच उभे असावे. पण योहानाच्या त्याच अठराव्या अध्यायाचे पंधरावे वचन पाहावे: एक शिष्य प्रमुख याजकाच्या ओळखीचा होता आणि थेट वाड्यात गेला. त्या घरातल्या नोकरचाकरांची नावे कळायला एवढी ओळख पुरेशी आहे. आणि योहानाला केवळ मल्ख ठाऊक नाही, त्याचे नातेवाईकही ठाऊक आहेत. अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी पेत्र शेकत उभा असतो, येशूची ओळख दोनदा नाकारून झालेली असते, आणि तिसऱ्यांदा 'मी तुला त्याच्याबरोबर बागेत पाहिले ना?' असे विचारणारा दास कोण, तर पेत्राने ज्याचा कान कापला त्याचा नातलग. त्याचे नाव मात्र योहानानेही दिलेले नाही.