वाचक विचारतात : ‘द रेन’ आणि पावसाची भीती

मागच्या अंकात नेटफ्लिक्सवरच्या ‘द रेन’ या डॅनिश मालिकेची चार ओळींत ओळख दिली होती. पावसाच्या थेंबांतून पसरणाऱ्या विषाणूने डेन्मार्कमध्ये माणसे पटापट मरतात. सिमोन आणि तिचा धाकटा भाऊ रासमुस सहा वर्षे बंकरमध्ये काढून बाहेर येतात, वाटेत पाच तरुण भेटतात आणि सगळे मिळून वडिलांना शोधत निघतात. एवढ्याशा मजकुरावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. शेवट कुठेही फोडलेला नाही.

प्रश्न : एकूण किती भाग, किती तास? तिन्ही सीझन बघायचे की पहिलाच? (टिळकवाडी)

पहिला सीझन मे 2018चा, 8 भाग. दुसरा मे 2019चा, 6 भाग. तिसरा आणि शेवटचा ऑगस्ट 2020चा, तोही 6. असे एकूण 20 भाग. बहुतेक भाग पाऊण तासाच्या आतबाहेरचे, म्हणजे सगळे मिळून 14-15 तास धरा.

पहिला सीझन पूर्ण बघा आणि मग ठरवा. तो मध्येच सोडू नका, कारण पहिल्या दोन भागांत पळापळ जास्त आहे आणि माणसे नंतर उलगडतात. मार्टिन, पॅट्रिक, लिया, जाँ, बेआत्रिस यांचे पूर्वायुष्य तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि ज्याचा राग येत होता त्याच्याविषयी मत बदलते. मधल्या एका भागात एका मोठ्या घरात राहणारी शांत, पोटभर जेवणारी वस्ती लागते. आलेल्या पत्रांत सर्वाधिक कौतुक त्याच भागाचे आहे, आणि ते रास्त आहे.

प्रश्न : आमच्या घरात दोन तट पडलेत. लेक म्हणते शेवटपर्यंत छान, मी म्हणतो दुसऱ्या सीझनपासून पाणी घातलंय. रासमुसचा तर वैताग येतो. कोण बरोबर? (शहापूर)

तुमचे पारडे थोडे जड आहे, पण लेकीचेही खोटे नाही. पहिल्या सीझनमध्ये शत्रू आभाळात आहे. ढग आला की निवारा शोधा, डबक्यात पाय घालू नका, प्यायचे पाणी तपासा, इतके साधे नियम. बघणाऱ्यालाही ते पाठ होतात, म्हणून पात्राच्या आधी आपणच वर बघतो. दुसऱ्या सीझनपासून पाऊस मागे सरतो आणि सगळा धोका रासमुसच्या शरीरात येऊन बसतो. काळ्या धुरासारखा उसळणारा विषाणू, त्याचे चिडणे, मग कुणीतरी मरणे, मग सिमोनची रडारड. हे चक्र तीनचार वेळा फिरते. नियम धूसर झाले की भीती ओसरते. मालिका तिथेच घसरली.

रासमुसबद्दल मात्र एवढे लक्षात घ्या. बंकरमध्ये शिरताना तो दहाएक वर्षांचा पोर आहे आणि नंतरची सहा वर्षे त्याने बहिणीशिवाय दुसरा माणूस पाहिलेला नाही. पहिल्या सीझनमधला त्याचा हट्टीपणा, कुणावरही लगेच जीव टाकणे, हे सारे त्यातून नीट येते. पुढच्या दोन सीझनमध्ये लेखकांनी त्याला वाढूच दिले नाही, हा दोष लुकास लिंगगोर टोनेसन या नटाचा नव्हे.

लेकीची बाजू अशी की सिमोन शेवटपर्यंत टिकते. अल्बा ऑगस्टने ती भूमिका फार संयमाने केली आहे. तिसरा सीझन घाईचा असला तरी गोष्ट अर्धवट लोंबकळत नाही, आणि ही गोष्ट परदेशी मालिकांत आजकाल दुर्मीळच. मार्टिन झालेला मिक्केल बो फोल्सगोर बर्लिन महोत्सवात 2012 साली उत्कृष्ट अभिनेत्याचे रौप्य अस्वल घेऊन आलेला नट आहे. संवाद कमी असलेले त्याचे प्रसंग पुन्हा पाहा.

प्रश्न : कणकुंबी-जांबोटीकडे आम्ही चार महिने पावसातच असतो. ते लोक थेंबाला एवढे भितात हे बघून हसूच आलं. (खानापूर तालुका)

इरलं-घोंगड्यात लावणी करणाऱ्याला हसू येणारच. पण डेन्मार्कचा पाऊस आपल्यासारखा नाही. तिथे वर्षाला साधारण 700 ते 800 मिलीमीटर पडतो, म्हणजे बेळगाव शहरापेक्षाही बराच कमी. फरक वाटणीत आहे. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत धो धो आणि नंतर कोरडे. तिथे बाराही महिने भुरभुर, एकही महिना खात्रीचा कोरडा नाही. पाऊस विषारी झाला तर आपण निदान दिवाळीनंतर शिवारात उतरू. त्यांना ‘उघडीप’ हा शब्दच उरत नाही. मालिकेचा सगळा ताण त्या भुरभुरीवर उभा आहे, मुसळधारेवर नाही.

मात्र एक तक्रार तुमच्यासारख्या पावसाळी मुलखातल्या माणसालाच सुचेल, आणि ती योग्य आहे. पाऊस थांबला तरी झाडे तासभर ठिबकत असतात. गवतावर पाणी असते, पहाटे दव असते. ही मंडळी त्याच रानातून बिनधास्त जातात. थेंबाने मरतो तर पानावरच्या पाण्याने का नाही, याचे पटणारे उत्तर पडद्यावर मिळत नाही.

प्रश्न : पावसातून विषाणू येऊ शकतो का? मुले घाबरलीत. (निपाणी)

विषाणू आभाळातून खाली येतात, हे खरे आहे. स्पेनमधल्या सिएरा नेवाडा पर्वतावर मोजमाप झाले. उंचावरच्या हवेतून दिवसाला दर चौरस मीटरवर 80 कोटींहून अधिक विषाणू उतरतात असे दिसले. हा अभ्यास 2018 सालीच प्रसिद्ध झाला, मालिकाही त्याच वर्षीची. पण त्यातले बहुतेक जिवाणूंना लागणारे, माणसाला नव्हे. शिवाय ऊन आणि कोरडी हवा यांत बहुतेक विषाणू फार टिकत नाहीत. थेंब अंगावर पडताच माणूस मिनिटांत तडफडतो, ही कल्पनाच.

मुलांना घाबरवायचेच असेल तर खऱ्या गोष्टींनी घाबरवा. साचलेल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळले आणि पायाला जखम असली तर लेप्टोचा ताप येतो, म्हणून शेतात गमबूट. आणि 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात सापडलेला माकडताप तर पावसाचा नव्हेच. तो गोचिडीतून येतो आणि त्याचा जोर कोरड्या महिन्यांत, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. आपल्या रानात पावसापेक्षा उघडिपीत जास्त जपायचे, असे म्हटले तरी चालेल.

प्रश्न : दोघांनी सहा वर्षे बंकरमध्ये काढणे हिशेबात बसते का? (चिकोडी)

आकडा मांडू. दोन माणसे गुणिले सहा वर्षे म्हणजे 4,380 दिवसांचे जेवण. माणशी रोज अर्धा किलो कोरडे धान्य-डाळ धरली तर 2,190 किलो, पन्नास किलोची 44 पोती. प्यायला माणशी तीन लिटर म्हटले तरी 13,140 लिटर पाणी, म्हणजे हजार लिटरच्या 13 टाक्या भरून थोडे उरेल. आंघोळ, भांडी यात नाहीत. मोठ्या कंपनीने बांधलेल्या बंकरमध्ये हे ठेवणे अशक्य नाही.

धान्य टिकेल का, हा पुढचा प्रश्न. दाण्यात ओल 12 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आणि पोरकिडे वर्षभरातच पोते पोकळ करतात. म्हणून अशा साठ्याला डबाबंद आणि निर्वात पाकिटेच बरी.

खरी अडचण मात्र हवेची आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. त्यात 28,300 लिटर हवा मावते. दोघे आत कोंडले तर 21 तासांत तो वायू तीन टक्क्यांवर जातो आणि डोके ठणकू लागते, दम लागतो. तेव्हा प्राणवायू संपलेला नसतो. माणूस आधी स्वतःच्या उच्छ्वासाने बेजार होतो. म्हणजे बंकरचे आयुष्य पोत्यांवर नव्हे, हवा खेळवणाऱ्या पंख्यावर आणि गाळणीवर ठरते. पहिल्याच भागात बाहेरची टोळी हवेची वाट अडवते आणि दार उघडायला भाग पाडते, तो प्रसंग म्हणून अगदी बरोबर आहे.

आपल्याकडे हे शास्त्र जुने आहे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे जमिनीत खणलेली कोठारे, होती. ज्वारीची पेवे तर गावोगाव असत. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही, दिवसभर तोंड मोकळे ठेवायचे, मग दोरीने कंदील सोडायचा. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. तो 16च्या आसपास आला की ज्योत विझते. विझली तर उतरायचे नाहीच, आणि न विझली तरी वर दोर धरणारा माणूस ठेवल्याशिवाय उतरायचे नाही. ‘द रेन’च्या लेखकांना एखादा पेववाला भेटायला हवा होता.

प्रश्न : लावली की इंग्रजीतच बोलतात. ओठ आणि आवाज जुळत नाहीत. सबटायटल्सही भराभर जातात. (बेळगाव, खानापूर, हुक्केरी येथून हाच प्रश्न)

तुमच्या प्रोफाइलची भाषा इंग्रजी असली की अॅप बहुधा डब केलेला आवाज लावते. भाग सुरू असताना पडद्यावर टिचकी मारा, ‘ऑडिओ आणि सबटायटल्स’ उघडा आणि डॅनिश निवडा. त्याच्यापुढे ‘ओरिजिनल’ असे लिहिलेले असते. सबटायटल्समध्ये इंग्रजी दोनदा दिसली तर ‘सीसी’ नसलेली घ्या. सीसीवाली बहुधा डबच्या वाक्यांवर बेतलेली असते, त्यामुळे मूळ आवाजाशी अडखळते.

वेग जास्त वाटला तर त्याच पडद्यावर वेगाचे बटण असते, ते 0.75 करा. आवाज किंचित जड होतो, पण कन्नड-मराठीत शिकलेल्या घरच्या मोठ्यांना वाचून होते. डॅनिश शब्दांची शेपटे गिळून बोलतात, म्हणून कानाला सवय व्हायला दोन भाग लागतात. डबमध्ये सगळ्यात जास्त नुकसान कुजबुजीचे होते, आणि या मालिकेत कुजबुज फार आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस लागला की करंट जातो, मागोमाग टॉवर. किती डेटा लागेल? (खानापूर तालुका)

नेटफ्लिक्सच्या अॅपमधल्या मोबाइल डेटाच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह डेटा’ ठेवा. एका जीबीत साधारण सहा तास होतात, म्हणजे सगळी मालिका अडीच जीबीत. त्याहून बरे म्हणजे बेळगावला गेलात की भाग उतरवून आणा. उतरवताना गुणवत्ता ‘स्टँडर्ड’ ठेवा. आधी एक मिनिट डॅनिशमध्ये चालवून बघा आणि मगच उतरवा, कारण उतरवलेल्या भागात सगळ्या भाषा येतीलच असे नाही. घरी आल्यावर विमान मोड लावून एकदा तपासा. ‘फक्त वाय-फायवर उतरवा’ ही खूण चालू राहिली तर गावात एकही भाग उतरत नाही, आणि लोक टॉवरला शिव्या घालत बसतात.

प्रश्न : मुलांना दाखवावी का?

नववी-दहावीपर्यंत नको. रक्त आहे, गळफास आहे, शरीरसंबंधांचे प्रसंग आहेत. अकरावीनंतर दाखवायचीच असेल तर सोबत बसून.

प्रश्न : मंडळाच्या प्रोजेक्टरवर लावायचा प्रयत्न केला. आवाज येतो, चित्र काळे. वायर खराब आहे का?

वायर चांगली आहे. फोनचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर पाठवला की चोरी रोखणारे कुलूप चित्र अडवते आणि आवाज तेवढा सुटतो. मोबाइलपुरत्या स्वस्त प्लॅनमध्ये तर मोठ्या पडद्याची सोयच नसते. आणि दुरुस्ती झाली तरी मंडळात लावू नका. वर्गणी घरच्या वापरापुरती असते, चौकात दाखवण्याची परवानगी तिच्यात येत नाही. घरी आठदहा जण जमून बघायची असेल तर टीव्हीतल्याच अॅपवर लावा, तिथे हे कुलूप आडवे येत नाही.