जुना संगणक, नवी ऑपरेटिंग सिस्टिम: वाचकांचे प्रश्न

विंडोज १० ला मिळणारी मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून सातारा-सांगली भागातून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे: संगणक धडधाकट आहे, मग तो टाकायचा कशाला? बहुतेकांना आमचे उत्तर 'टाकू नका' हेच आहे. मात्र प्रत्येक यंत्राची एक मर्यादा असते आणि ती पैसे घालण्याआधी कळलेली बरी.

प्रश्न: २०१६ सालचा डेस्कटॉप आहे. आय-५ ६५०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. टॅली आणि जीएसटीची कामे त्यावरच चालतात. विंडोज ११ चालणार नाही असा संदेश येतो. दुकानदार म्हणतो, अर्ध्या तासात टाकून देतो. टाकून घ्यावे का? आत्ताच विंडोज १० सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. — करसल्लागार, विटा

उत्तर: आधी संथपणाचे बघू, कारण तो विंडोज ११ टाकून जाणार नाही, उलट वाढेल. टास्क मॅनेजर उघडून 'डिस्क'चा आकडा पाहा. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटे तो १०० टक्क्यांवर चिकटून असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कला एका वेळी अनेक ठिकाणच्या बारीक फाइली वाचायला जमत नाही आणि विंडोज १० सुरुवातीला नेमके तेच मागते. २५६ जीबीची साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम ८ जीबी करा. रॅम घेण्याआधी सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रकार बघा. या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर३ आहे, काहींवर डीडीआर४, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

जुन्या डिस्कची एसएसडीवर क्लोन म्हणजे हुबेहूब प्रत काढण्याआधी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा. 'कॉशन' दिसले किंवा पेंडिंग सेक्टरचा (वाचताना अडणाऱ्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असला, तर क्लोनिंगच्या नादी न लागता आधी टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मरणपंथाला लागलेली डिस्क सलग वाचायला लावली की वाटेतच दगा देते.

आता विंडोज ११. या प्रणालीला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग), यूईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या बायोसचे नवे रूप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आपला सहाव्या पिढीचा आहे. बायोसमध्ये 'इंटेल पीटीटी' (इंटेलचा अंगभूत टीपीएम) चालू केले की टीपीएमची अट बहुधा पुरी होईल, पण प्रोसेसरची होणार नाही. विंडोजचा पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या रुफससारख्या साधनाने ही तपासणी वगळून विंडोज ११ टाकता येते आणि ते चालतेही. पण अशा यंत्राला अपडेट मिळत राहतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा पेनड्राइव्हवरून हाताने चढवावी लागते. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे निस्तरायची वेळ येऊ शकते. ज्या यंत्रावर पोट आहे, त्यावर हा उद्योग करू नका असेच आम्ही सांगू.

त्यापेक्षा विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट घ्या. आवृत्ती २२एच२ असली पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर वेगळे पैसे पडत नाहीत. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तोवर नव्या यंत्राची तजवीज करा आणि हे घरात मुलांना द्या.

तरीही घरच्या एखाद्या संगणकावर विंडोज ११ टाकणारच असाल तर क्रम चुकवू नका. डिस्क एमबीआर पद्धतीची (विभागांची जुनी मांडणी) असेल, तर विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनाने ती आधी बदलायची आणि त्यानंतरच बायोसमध्ये लेगसी मोड (सुरू होण्याची जुनी पद्धत) बंद करायचा. उलटे केले की बूट डिस्क सापडत नाही. डिस्कवर प्रायमरी विभाग तीनपेक्षा जास्त असतील तर हे साधन काम नाकारते. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न: आमच्या डेस्कटॉपवर जुनी डिस्क काढून एसएसडी टाकली, विंडोज १० नव्याने घातले. दोन-चार दिवस छान चालतो आणि एखाद्या सकाळी निळा पडदा येतो: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. दुकानात नेला की ते काहीतरी करून चालू करून देतात. मधूनच तारीखही चुकते, तेव्हा बँकेची साइट उघडत नाही. एसएसडी खराब निघाली का? — वाचक, पाटण

उत्तर: एसएसडीवर आळ घेऊ नका. तारीख चुकते हाच धागा धरा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे. भिंतीवरचे बटण चालू असते तोवर पॉवर सप्लायमधून बोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि बायोसमधली माहिती टिकते. रात्री बटण बंद केले किंवा लाइट बराच वेळ गेली की ती पुसली जाते. म्हणूनच हा बिघाड रोज न दिसता एखाद्याच सकाळी दिसतो.

माहिती पुसली की बायोस मूळ सेटिंगवर येतो. अनेक जुन्या बोर्डांवर साटाची, म्हणजे डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची, मूळ सेटिंग जुनी 'आयडीई' असते. आपले विंडोज नव्या 'एएचसीआय' पद्धतीमध्ये घातलेले असणार, त्यामुळे त्याला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही. दुकानात ती सेटिंग परत बदलून देत असावेत. तारीख मागे गेल्यावर बँकेच्या साइटचे प्रमाणपत्र संगणकाला अजून लागू न झालेले वाटते, म्हणून ब्राउझर अडवतो.

प्लग काढून सेल बदला, छापलेली अधिक खुणेची बाजू वर ठेवा. मल्टिमीटर असेल तर जुना सेल डीसी २० व्होल्टच्या पट्टीवर मोजा. नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला फेकावा. मग बायोसमध्ये तारीख घालून साटा मोड एएचसीआय करा आणि सेव्ह करा.

विंडोज मुळात आयडीईमध्ये घातले असेल आणि आता एएचसीआय हवे असेल, तर थेट बदलू नये. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट निवडायचा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्यायचे, मग सेफ बूटची खूण काढायची. पुन्हा घालण्याची गरज पडत नाही.

प्रश्न: चौथ्या पिढीच्या आय-३ लॅपटॉपसाठी ८ जीबी डीडीआर३ रॅम मागवली. बसवली की पडदा काळा, पंखा फिरतो. जुनी ४ जीबी घातली की चालू. — विद्यार्थी, फलटण

उत्तर: पट्टीवरचा मजकूर वाचा. 'पीसी३' लिहिले असेल तर ती १.५ व्होल्टची, आपल्या लॅपटॉपला 'पीसी३एल', म्हणजे १.३५ व्होल्टची लागते. मापे सारखीच असल्याने चुकीची पट्टी खाचेत बरोबर बसते आणि माणूस फसतो. बदलून घ्या.

प्रश्न: लग्नाच्या फोटोंसाठी २०१२ च्या मध्याचा १३ इंची मॅकबुक प्रो वापरतो. मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपुढे जात नाही. जुन्या मॅकवर नवी आवृत्ती चालवणाऱ्या ओपनकोर पॅचरने नवी मॅकओएस टाकली, एसएसडीही बसवली. आता कॉपी करताना मधूनच अडकतो आणि अपडेटनंतर सगळे फार जड झाले. — छायाचित्रकार, कराड

उत्तर: हे दोन वेगळे दोष आहेत. मॉन्टेरी या नंतरच्या आवृत्तीपासून ॲपलने आपल्या यंत्रातल्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचा आधार काढला. पॅचर तो 'रूट पॅच'ने परत घालतो, पण मॅकओएसचे अपडेट आले की पॅच पुसला जातो. पॅचर ॲप उघडून रूट पॅच पुन्हा लावा आणि स्वयंचलित अपडेट बंद ठेवा. ओपनकोर आतल्या डिस्कवर टाकले आहे ना, तेही बघा. नसेल तर पेनड्राइव्ह काढल्यावर यंत्र सुरू होणार नाही.

अडकण्याचा संशय मात्र डिस्कच्या चपट्या केबलवर घ्यावा. या मॉडेलची ती केबल खराब होण्यासाठी प्रसिद्धच आहे. संथ हार्ड डिस्कवर ती कशीबशी निभावते, वेगवान एसएसडीवर उघडी पडते. एसएसडी बाहेर काढून यूएसबी केबलने जोडून चालवा. तशी सुरळीत चालली तर केबलच बदलायची. तोवर ग्राहकांचे फोटो या यंत्रावर एकटे ठेवू नका.

प्रश्न: शाळेत कोअर टू ड्युओचे १२ संगणक आहेत, २ जीबी रॅम, बोर्ड जी४१. विंडोज ११ शक्य नाही असे कळले. लिनक्स मिंट (विंडोजऐवजीची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायला घेतले तर काहींवर लोगोनंतर पडदा काळा. मुलांना मराठी टायपिंग शिकवायचे आहे आणि एचपी १०२० प्रिंटर चालला पाहिजे. — शिक्षिका, मिरज

उत्तर: विंडोज ११ चा विषय खरोखर संपलेला आहे. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) लागतात. त्या कोअर टू ड्युओमध्ये नाहीतच, त्यामुळे तपासणी वगळूनही ती आवृत्ती सुरू होत नाही. लिनक्स मिंट २२ चे एक्सएफसीई हे हलके रूप हा आपला निर्णय योग्य आहे. त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

काळा पडदा ज्या संगणकांवर येतो त्यांच्या मागे पाहा. वेगळे एनव्हिडिया कार्ड लावलेले असेल तर ते काढा आणि मॉनिटर बोर्डच्या व्हीजीए खाचेत जोडा. त्या जुन्या कार्डांच्या ३४०-मालिकेच्या ड्रायव्हरचा आधार एनव्हिडियाने २०१९ अखेर संपवला. जी४१ चे स्वतःचे ग्राफिक्स वर्गकामाला पुरते. कार्ड नसतानाही पडदा काळा राहिला तर पेनड्राइव्हच्या मेनूतून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

२ जीबीवर मिंट उघडेल, पण ब्राउझरच्या दोन-तीन टॅबमध्ये रॅम संपेल. निदान ४ जीबी करा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर सांगतो. जी४१ ला जास्त घनतेच्या चिप चालत नाहीत. ४ जीबीची पट्टी घ्यायची तर दोन्ही बाजू मिळून १६ चिप असलेली घ्या; ८ चिपची बहुधा अर्धीच दिसते किंवा बीप देते. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात मिळणारी रॅम घेऊ नका. बारा पट्ट्या एकदम न घेता एक आणून चालवून बघा. काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२ आहे, तेही आधी तपासा. झेडरॅमचे (रॅममधली माहिती दाबून जागा करणारे) पॅकेज घातले की तंगीत थोडी हवा मिळते.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट जोडताना भारताच्या यादीत मराठीची 'कगप फोनेटिक' मांडणी मिळेल. इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी शिकवणार असाल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची पॅकेजेस घाला. जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर त्या इथे अगम्य अक्षरांत दिसतील. युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.

एचपी १०२० स्वतःचे फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवून ठेवत नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणक ते त्याला पाठवतो. म्हणून नुसता ड्रायव्हर निवडून भागत नाही, एचपीलिपचा (लिनक्ससाठीच्या एचपीच्या प्रिंटर सॉफ्टवेअरचा) प्लगिन इंटरनेट चालू असताना घालावा लागतो. वायफाय नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिथरिंग करा, मिंट ते लगेच ओळखते.

प्रश्न: मार्केट यार्डात अडत दुकान आहे. हळद-बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब), हमाली, तोलाई सगळे फॉक्सप्रोच्या डॉस प्रोग्रॅमवर. करणारा माणूस आता नाही. संगणक बदलून विंडोज ११ घेतले तर प्रोग्रॅम उघडतच नाही. — व्यापारी, सांगली

उत्तर: विंडोज ११ फक्त ६४-बिट असते आणि ६४-बिट विंडोजमधून डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा भाग काढलेला आहे. कम्पॅटिबिलिटीच्या खुणा करून वेळ घालवू नका. व्हीडॉसप्लस किंवा डॉसबॉक्स-एक्स हे विंडोजमध्ये डॉस चालवणारे प्रोग्रॅम घ्या. एकाहून जास्त संगणक तीच फाइल उघडत असतील तर साधा डॉसबॉक्स वापरू नका. दोघांनी एकाच वेळी पट्टी केली की नोंदी बिघडू शकतात. 'टू मेनी फाइल्स ओपन' आले तर कॉन्फिग फाइलमध्ये 'फाइल्स'चा आकडा वाढवा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबी-पॅरलल केबलने जोडलात तर डॉसला एलपीटी१ (जुने प्रिंटर पोर्ट) दिसणार नाही, कारण ती केबल निराळे पोर्ट तयार करते. एलपीटी१ ची छपाई विंडोजमधल्या कोणत्या प्रिंटरकडे वळवायची ते व्हीडॉसप्लसच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचे. प्रोग्रॅमला मागच्या पोर्टवर लावायची डोंगल (परवान्याची किल्ली) असेल तर हा सगळा मार्ग बहुधा अडेल. तसे असल्यास जुना संगणक मोडीत देऊ नका.

आणि आजच एक काम करा. प्रोग्रॅमचे अख्खे फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवा. डीबीएफ (नोंदींच्या मुख्य फाइली) बरोबर एफपीटी आणि सीडीएक्स (अनुक्रमणिकेच्या) फाइलीही हव्यात, कारण लांब मजकूर एफपीटीमध्ये असतो. डीबीएफची प्रत लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते, मूळ फाइल तिथे कधी उघडू नका. खातेदारांची नावे आणि येणे-देणे त्या प्रतीतून एक्सेलमध्ये काढून ठेवा. नवा प्रोग्रॅम करून घ्यायची वेळ येईल तेव्हा करणारा पहिल्यांदा हीच फाइल मागेल.