चुकलेल्या उत्तराचं तुम्ही काय करता?

"मॅडम, विषय चांगला येतो, पण शिक्षक व्हावं का ते ठरत नाही." समुपदेशक म्हणून गणित किंवा विज्ञान शिकलेल्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचंही पाठ झालंय: "निर्णय चुकला तर?"

हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण, भौतिकशास्त्राचा पदव्युत्तर, नोकरी बरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वहीत फायदे-तोट्यांचे रकाने आखूनच आला होता. पगार, सुट्ट्या, प्रतिष्ठा, तपासायचे पेपर. तीन भेटींत रकाने वाढले, निर्णय होता तिथेच.

चौथ्या भेटीत मी वही मिटायला लावली.

"वर्गात उभे आहात. भीती कशाची वाटते?"

"कुणी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?"

"तर?"

"शिक्षकाला यायलाच हवं ना!"

त्या 'च'पाशी मी थांबले. माझा ओढा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराकडे: 'असं व्हायलाच हवं' हा हट्टच माणसाला छळतो, असं ते सांगत. मराठीत काम करणाऱ्याला तर ही मोठीच सोय आहे, आपला हट्ट एका अक्षरात पकडता येतो. यायलाच हवं. जमायलाच हवं.

"तुमच्या शिक्षकांपैकी कुणी कधी अडलं होतं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "एक बाई. 'उद्या बघून सांगते' म्हणाल्या आणि खरंच सांगितलं. ते उत्तर अजून लक्षात आहे." आणि स्वतःशीच हसला.

गाठ सुटली असं मला वाटलं, पण ती माझी घाई होती. भीती ओसरली म्हणजे ओढ आहेच असं नाही. (माझाही एक 'च'!) म्हणून त्याला काम दिलं: परवानगी काढून काही दिवस माध्यमिक वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि शिक्षकाऐवजी मुलांच्या वह्या बघायच्या.

पुढच्या भेटीत तो खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागला. "एका मुलीनं लिहिलं, ०.३५ हे ०.८ पेक्षा मोठं. आधी वाटलं, धांदरटपणा. पण तिच्या हिशेबानं ३५ आठापेक्षा मोठे! पूर्ण संख्यांचा नियम ती इमानदारीनं दशांशाला लावत होती. दुसरा एक मुलगा म्हणाला, एकसर जोडणीत, म्हणजे बल्ब एकामागोमाग एक जोडले तर, पहिला बल्ब वीज खाऊन टाकतो, म्हणून दुसरा मंद लागणार. त्या बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावून विद्युतधारा सारखीच आहे हे दाखवता येईल. पण त्यानं त्याला पटेल का? रात्रभर तेच डोक्यात होतं."

वीस मिनिटांत पगाराचं नाव नाही. मी गप्प राहिले. गप्प राहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि त्या दिवशी ते मला साधलं, हे जरा अभिमानानंच सांगते.

विषय येणं आणि तो शिकवता येण्याची जाण असणं वेगळं, हे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ साली नेमकेपणानं मांडलं. विद्यार्थी कुठे आणि का अडखळतो हे ओळखणं त्या जाणिवेत येतं. म्हणून मला विचाराल तर 'विषय आवडतो का' हा अर्धाच प्रश्न. एखाद्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज तीनदा समजावून बघा. तिसऱ्यांदाही त्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, तर मनात काय येतं? वैताग सगळ्यांनाच येतो, त्याला घाबरू नका. वैतागामागोमाग 'असं का केलं असेल यानं?' हे येतं का, ते बघा. नाही आलं तरी त्यात कमीपणा नाही. याच प्रयोगानंतर एक जण म्हणाली, "मला गणित हवंय, मुलं नकोत." ती संशोधनाकडे वळली, आणि तो निर्णयही मला तितकाच पक्का वाटला. पगाराचा हिशेब जरूर करा, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर.

शेवटच्या भेटीत प्रशिक्षणासाठी अर्ज भरला का, हे मी विचारलं नाही. त्यानं वही उघडली. रकान्यांच्या मागच्या पानावर मुलांच्या चुकलेल्या उत्तरांची यादी होती, सतराव्या क्रमांकापर्यंत आलेली.